काचेतले सहप्रवासी : अनुभव धागा

2014 सालच्या डिसेंबरात मी डेक्कन क्वीनने मुंबईहून पुण्याला येत होते. ही गाडी संध्याकाळी सुटते, आणि थंडीच्या दिवसांत ती कर्जत सोडून घाटाला लागेपर्यंत बाहेर काळोख झालेला असतो. डोंगराची कड दिसते का म्हणून मी वातानुकूलित डब्याच्या बंद काचेत पाहू लागले, आणि डोंगराऐवजी मला मधल्या वाटेपलीकडच्या खुर्चीवरचे एक वृद्ध गृहस्थ दिसले. डायनिंग कारमधून आलेल्या कटलेटचे त्यांनी फार जपून दोन भाग केले, एक स्वतः खाल्ला आणि दुसरा कागदी रुमालावर ठेवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. मान वळवून मी त्यांच्याकडे इतका वेळ कधीच पाहिले नसते. काचेत मात्र खंडाळा येईपर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी डोळे वर केले, काचेतच आमची नजर भेटली, आणि त्यांनी तो रुमाल घाईने गुंडाळून पिशवीत टाकला. त्यांचे जे काही चालले होते ते माझ्या पाहण्यामुळे मोडले, ही टोचणी इतक्या वर्षांनीही गेलेली नाही.

अनोळखी माणसाकडे टक लावून पाहू नये, हे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. रात्रीच्या गाडीची काच ही शिकवण थोडी सैल करते. तुम्ही काचेत कोणाला पाहिलेत, आणि त्याने तुम्हाला पाहिले तेव्हा पुढे काय झाले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. कोणाचीही ओळख पटेल असे तपशील मात्र कृपया देऊ नयेत.

कोल्हापूर

मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून आधी कारण सांगतो. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग आपल्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के परत पाठवतो, म्हणजे एका तावदानाच्या दोन पृष्ठभागांचे मिळून सुमारे 8 टक्के होतात. दिवसाही ते प्रतिबिंब तिथे असतेच, पण बाहेरच्या उजेडात ते बुडून जाते. रात्री बाहेरून काहीच येत नाही, आणि तेवढ्या 8 टक्क्यांत समोरच्याचा चष्मा, कपाळावरची आठी, सगळे दिसू लागते. वातानुकूलित डब्यांना दुहेरी काच असते, त्यामुळे तिथे चेहऱ्याशेजारी त्याचीच आणखी एक फिकट कड उमटते.

माझा अनुभव कोयना एक्स्प्रेसमधला आहे. हिवाळा होता आणि वाऱ्यामुळे आम्ही काचा खाली ओढल्या होत्या. तिरप्या बाजूच्या बाकावर एक बाई लोकरीचे काहीतरी विणत होत्या. दहा-बारा टाके घालायच्या, उसवायच्या आणि पुन्हा तिथूनच सुरू करायच्या. किर्लोस्करवाडीपासून मी ते काचेत पाहत होतो. नक्की कोणता टाका चुकतो आहे, असा विचार करण्यापर्यंत माझी मजल गेली होती. सांगली स्थानक आले, फलाटाचे दिवे काचेवर पडले आणि त्या दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी भडंग विकणारा आणि सामान उचलणारी माणसे दिसू लागली. गाडी सुटली, पुन्हा काळोख आला, आणि काचेत नुसता रिकामा बाक उरला. त्या उतरून गेल्या होत्या. एवढ्या वेळात मी एकदाही मान वळवून त्यांच्याकडे पाहिले नव्हते, त्यामुळे त्या माझ्यासाठी जणू फक्त काचेतच राहत होत्या. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच की त्यांनी मला पाहिले की नाही हे मला कधीच कळणार नाही, आणि मला ते कळायला हवे होते.

बदलापूर

मी परिचारिका आहे. दुपारपाळी संपवून रात्री साडेदहानंतरच्या लोकलने घरी येते. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडक्या हवेसाठी बहुधा उघड्याच असतात, त्यामुळे आमच्याकडे प्रतिबिंब ही पावसाळ्यातली गोष्ट आहे. झड आत येऊ लागली की काच खाली ओढायची आणि मग डबा दुप्पट मोठा दिसू लागतो. वर ज्यांनी लिहिले आहे त्यांनी काचेत माणसे पाहिली ती कुतूहलाने. रात्रीच्या महिला डब्यात आम्ही काचेत दरवाजा पाहतो. दरवाजाकडे पाठ करून बसावे लागले तर मागे कोण चढले हे काच सांगते, आणि आपण घाबरून मागे पाहिले असे चढणाऱ्याला दिसतही नाही.

अशाच एका जुलैत ठाण्यानंतर डबा जवळजवळ रिकामा झाला होता. काचेत दरवाजा पाहताना माझ्या लक्षात आले की पलीकडच्या बाकावरची, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी असलेली एक बाई त्याच काचेत माझ्या मागचा दरवाजा पाहते आहे, आणि मला तिच्या मागचा दिसतो आहे. आम्ही एकमेकींकडे क्षणभर पाहिले. ती हसली नाही आणि मीही हसले नाही, पण तिने मान किंचित खाली केली. दुसऱ्या दिवशी मी त्याच जागी बसले आणि तीही बसली. पुढे तीन महिने, आठवड्यातून चार-पाच रात्री, आम्ही असेच बसत होतो. पाऊस नसला तरी ती काच खाली ओढून घ्यायची. आधी मला वाटले की तिला वारा सोसत नसेल. तिचे नाव, तिचे काम, यांतले काहीही मी विचारले नाही. ती अंबरनाथला उतरायची, आणि उतरण्याआधी काचेत माझ्याकडे पाहून एकदा दरवाजाकडे नजर टाकायची, म्हणजे आता पुढचे तू बघ. अंबरनाथ ते बदलापूर हे अंतर जेमतेम काही मिनिटांचे आहे, पण त्या खुणेशिवाय ते मला फार लांब वाटले असते.

दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. पाळी बदलली असेल, नोकरी सुटली असेल. आता एखादी तरुण मुलगी रात्री एकटी चढली की मी तिला माझा चेहरा काचेत दिसेल अशा जागी बसते आणि काच खाली ओढून घेते.

मुंबई

मला या धाग्याच्या सुरुवातीबद्दल थोडे वेगळे म्हणायचे आहे. 2024 साली आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हापासून मी तिने कामावर जाते. भुयारात बाहेर सदाच रात्र असते, म्हणून तिथली काच सकाळी नऊ वाजताही आरसाच असते. एका सकाळी एक पुरुष काचेत मला पाहत होता. थेट पाहत नसल्यामुळे मला ते कळणार नाही, अशी त्याची खात्री होती. मला ते पहिल्या मिनिटापासून कळत होते. काचेत मला त्याचे डोळे दिसत असतील तर त्यालाही माझे दिसतातच, कारण प्रकाश ज्या वाटेने येतो त्याच वाटेने उलटही जातो. हे शाळेत सगळे शिकलेले असतात. मी काचेत त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि नजर हलवली नाही. पुढच्या स्थानकावर तो डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. काच कोणालाही परवानगी देत नाही. येथे लिहिणाऱ्यांनी ज्यांना पाहिले, त्यांना काय वाटले असेल याचाही विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

पुणे (धागा सुरू करणारी)

तुमचे म्हणणे मला मान्य आहे. ‘काच शिकवण सैल करते’ हे मी जरा सहजपणे लिहून गेले. त्या वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत सैल झाले होते ते माझे भान.

रत्नागिरी

माझी नात चार वर्षांची असताना आम्ही मांडवी एक्स्प्रेसने येत होतो. तेव्हा कोकण रेल्वेवर डिझेल इंजिने होती आणि मोठा बोगदा आला की धूर आत येऊ नये म्हणून काचा पाडाव्या लागत. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तो संपायला चार-पाच मिनिटे लागतात. काच पाडली आणि भर दुपारी बाहेर रात्र झाली. नातीला वाटले की आपल्या शेजारून दुसरी गाडी निघाली आहे आणि तिच्यातही माणसे बसली आहेत. तिने त्या गाडीतल्या एका काकांना हात केला. ते काका आमच्याच डब्यात, तिच्या पाठीमागे बसलेले होते. त्यांनी मागे न वळता, काचेकडेच पाहत तिला हात केला आणि बोगदा संपेपर्यंत ते त्या दुसऱ्या गाडीतलेच राहिले. उजेड आल्यावर नात म्हणाली, “आजी, ती गाडी कुठं गेली?” त्या काकांनी मान खिडकीबाहेर काढून ती शोधायला मदत केली.

लंडन

इथल्या खोल भुयारी मार्गांवरच्या गाड्या अरुंद, गोल बोगद्यांसाठी बांधलेल्या असल्यामुळे दारांच्या काचा वर छताकडे वळतात, आणि त्यांत माणसांची डोकी लांबुळकी ताणलेली दिसतात. इथे कोणी कोणाकडे पाहत नाही. तरीही एका रात्री समोरचा लहान मुलगा आपले ताणलेले कपाळ पाहून तोंडे करू लागला, तेव्हा डब्यातले सातआठ जण काचेत त्याच्याकडेच पाहत होते, हे मला काचेतच दिसले.

लोणावळा

मी रेल्वेत लोको पायलट होतो. आमच्यासाठी प्रतिबिंब हा शत्रू असतो. रात्री कॅबमधला दिवा लावला तर समोरच्या काचेत आपलाच चेहरा उभा राहतो आणि सिग्नल त्याच्यामागे लपतो, म्हणून आम्ही दिवा बंद ठेवूनच गाडी चालवतो. फक्त मीटरांचा मंद उजेड असतो.

एकदा माझ्या नेहमीच्या सहायकाऐवजी पूर्णपणे अनोळखी माणूस जोडीला आला. आम्ही घाट उतरत होतो. तिथे 1 ला 37 असा, म्हणजे 37 मीटरांत 1 मीटर, उतार आहे आणि लक्ष क्षणभरही हटवता येत नाही. सिग्नल दिसला की दोघांनीही तो मोठ्याने पुकारायचा असतो. तो बिनचूक पुकारत होता. मीटर पाहण्यासाठी मी नजर खाली आणली, तेव्हा बाजूच्या काचेत त्या मंद उजेडात मला त्याचा गाल ओला दिसला. रडत असूनही एकही सिग्नल त्याच्याकडून चुकला नव्हता, आणि आवाजातही फरक नव्हता. त्याला काही विचारले असते तर आवाज फुटला असता, आणि घाटात ते परवडणारे नव्हते. म्हणून मी प्रत्येक सिग्नल त्याच्याआधी, जरा अधिक जोरात पुकारू लागलो, म्हणजे त्याला फक्त माझ्या मागून म्हणावे लागेल. कर्जतला गाडी थांबल्यावर तो काचेतच माझ्याकडे पाहत म्हणाला, “साहेब, कळलं मला.” त्यापुढे आम्ही बोललो नाही.

ठाणे

माझ्या भावाला ऐकू येत नाही, म्हणून मला सांकेतिक भाषा येते. वातानुकूलित लोकलमध्ये एका रात्री बाकावर दोन तरुण शेजारी शेजारी बसले होते. गर्दी इतकी होती की एकमेकांकडे वळायलाही जागा नव्हती, म्हणून ते दोघे काचेकडे तोंड करून, हात मांडीशी ठेवून काचेत बोलत होते. आरशात उजवा हात डावा होतो, पण सरावाने त्यांना त्याची अडचण नव्हती. मी ते पाहून इतकी सुखावले की त्यांचे बोलणे वाचते आहे हेच मला काही वेळ उमगले नाही. एकजण लग्नाची बोलणी मोडल्याचे सांगत होता. दोन माणसे दबक्या आवाजात बोलत असती तर मी कान दिले नसते. मग मी काचेत त्यांना दिसेल असा हात वर केला आणि खुणेने सांगितले की मला कळते आहे, क्षमा करा. दोघांचे हात थांबले. मग ज्याचे लग्न मोडले होते त्याने विचारले की तुमच्या घरी कोण आहे. भाऊ, असे मी सांगितले. घाटकोपर ते ठाणे आम्ही तिघे त्या काचेत बोलत आलो, आणि डब्यात कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते.

डोंबिवली

हे मी पूर्वी कोणालाही सांगितलेले नाही. पावसाळ्यातली रात्र होती आणि काचा पडलेल्या होत्या. परळला चढलेला एक माणूस माझ्या शेजारी खिडकीत बसला. मांडीवर रुग्णालयाची फाइल आणि मोठे पिवळे पाकीट होते. वय चाळीसच्या आसपास असेल. कुर्ला गेल्यावर त्याने काचेत स्वतःकडे पाहून चेहरा सैल सोडला, मग ओठ किंचित ताणले, भुवया वर केल्या, पुन्हा सगळे पुसून टाकले. मला वाटले की दात दुखत असेल. ठाण्यापर्यंत त्याने हे पाच-सहा वेळा केले, तेव्हा मला कळले की घरी दार उघडल्यावर जो चेहरा न्यायचा, त्याची तो तयारी करतो आहे. वडील आजारी असताना मी हेच आमच्या इमारतीच्या जिन्यात करत असे.

मी नजर काढून घ्यायला हवी होती, पण तेवढ्यात त्याला मी काचेत दिसलो. तो ओशाळला नाही. त्याने एकदा पुन्हा तो चेहरा केला, सहज काही विशेष नाही असा, आणि माझ्याकडे पाहत राहिला.

“नीट वाटतंय का?” त्याने काचेतूनच विचारले.

डोळे जरा जास्तच उघडे राहत होते. मी तसे सांगितले. त्याने पुन्हा करून पाहिले, आणि या वेळी मी मान हलवली. डोंबिवली आले होते, पण मी उतरलो नाही. कल्याणपर्यंत त्याच्याबरोबर बसलो. तिथे त्याने फाइल सदऱ्याच्या आत घातली, पाकीट छत्रीखाली धरले आणि तो उतरून गेला.