मदत हवी आहे: डिस्ट्रेसमधल्या निर्वासितांच्या बोटीतून माणसं वर कशी घ्यायची?

मधला_पहारा
लवकर उत्तर हवंय. परवा सुएझ पार करून सिसिलीच्या दिशेने निघतोय, लिबियाच्या उत्तरेचा पट्टा रात्री लागणार. मागच्या खेपेला तिथेच एका रबरी बोटीसाठी जहाज वळवलं होतं. दिलेल्या पोझिशनवर पोचलो, पहाटेपर्यंत शोधलं, पाण्यावर काही नाही. त्या माणसांचं पुढे काय झालं ते कोणी कळवलंही नाही. ह्या वेळी तयारीत राहायचंय. कॅप्टनसाहेबांनी ब्रिजवर लावायला एका पानात सगळं लिहून मागितलंय. कायदा नको, सोलास (समुद्रातल्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) जहाजावर आहे. माणसं वर कशी घ्यायची तेवढं सांगा.

जुना_चीफमेट
जहाज कोणतं? लोडेड की बॅलास्टमध्ये, म्हणजे मालाविना? पाण्यापासून डेक किती उंच? क्रू किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

बो_थ्रस्टर
रेस्क्यू बोट सोडा, पाच-सहा जण करून आणा. आम्ही तसंच केलं, सगळे सुखरूप वर आले.

जुना_चीफमेट
समुद्र शांत असेल तेव्हा. रात्री ऐंशी माणसांच्या बोटीजवळ सहा जणांची बोट नेलीत तर सगळे एकदम उड्या टाकतील.

बो_थ्रस्टर
अंधारातच केलंय, भूमध्यातच. लांबूनच आधी लाइफजॅकेट दिली की लोक बसून राहतात.

सिग्नल_४०६
एपर्बची (संकटाचा सिग्नल पाठवणारं यंत्र) बॅटरी आणि हायड्रोस्टॅटिक रिलीजची (जहाज बुडालं की ते आपोआप सुटं करणारा खटका) तारीख तपासून घ्या. ४०६ मेगाहर्ट्झचा सिग्नल उपग्रहामार्फत बचाव केंद्राला जातो.

मधला_पहारा
अहो, त्या बोटींवर एपर्ब कुठून येणार?
चीफसाहेब, बल्क कॅरियर, बॅलास्टमध्ये, डेक दहा मीटरच्या वर. क्रेन आहेत. आम्ही वीस जण.

नीलिमा_हेल्पलाइन
आधी मला सांगा, मागच्या वेळी पोझिशन कोणाकडून आली? वेळ कुठली होती? कशी लिहून घेतली?

मधला_पहारा
किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राने फोनवर सांगितली. 'थर्टी-थ्री फिफ्टी नॉर्थ, थर्टीन टेन ईस्ट'. वेळ सांगितली नाही. ३३ अंश ५० मिनिटं धरून गेलो. पण माझा प्रश्न वर घेण्याचा आहे.

नीलिमा_हेल्पलाइन
बोट सापडली तर वर घ्याल ना. बोटीतला माणूस सॅटेलाइट फोनच्या पडद्यावरचे आकडे वाचतो. पडद्यावर ३३.५० असेल तर ते दशांश अंश, म्हणजे ३३ अंश ३० मिनिटं. थेट वीस सागरी मैलांचा फरक. अलार्म फोन ही समुद्रात अडकलेल्या निर्वासितांसाठीची हेल्पलाइन २०१४ पासून चालू आहे, त्यांच्याकडे स्वतःची एकही बोट नाही. पोझिशन नीट घेऊन केंद्रांना कळवणं आणि पाठपुरावा करणं हेच काम. आम्हीही आकडे एकेक करून वदवून घेतो, 'पॉइंट' आहे का विचारतो, वाचल्याची वेळ लिहितो. मग इंजिन चालू आहे का, हवा जातेय का, माणसं किती. पानाच्या पहिल्या ओळीत हेच लिहा.

मधला_पहारा
वीस मैल. चार्टवर आत्ताच मोजलं. दोन्ही पोझिशन लावून बघायला हव्या होत्या, आणि केंद्रानेही 'पॉइंट' की 'डिग्री' ते सांगायला हवं होतं.

नांगर_टाका
वाचवत राहिलं की आणखी येतात. मूळ प्रश्न तो आहे.

नीलिमा_हेल्पलाइन
इटलीने मारे नोस्त्रुम हे नौदलाचं बचाव अभियान ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद केलं, तरी २०१५ मध्ये बोटी येतच राहिल्या. ह्यावर वेगळा धागा काढा.

जुना_चीफमेट
अवांतर बाजूला ठेवू. १८ एप्रिल २०१५ ला एक मालवाहू जहाज मदतीला गेलं, तेव्हा गच्च भरलेली मासेमारी बोट त्याच्यावरच आदळून उलटली. शेकडो बुडाले, वाचले फक्त २८. म्हणून लांबच थांबा. वाऱ्याच्या बाजूला जहाज आडवं धरून त्यांना आडोसा द्या, प्रोपेलर बंद. सर्चलाइट डोळ्यांवर मारू नका. लाउडहेलरवरून इंग्रजी, फ्रेंच, अरबीत एकच वाक्य: बसून राहा, सगळ्यांना घेणार. कोणी उभं राहून तुमच्या बाजूला सरकलं की बोट कलते.
डेक नऊ मीटरच्या वर, म्हणजे नुसती पायलट शिडी (बाजूला सोडायची दोरीची शिडी) चालणार नाही, गँगवे जोडून कॉम्बिनेशन लावा. पोरं आणि अशक्त माणसं क्रेनने. बो_थ्रस्टर म्हणतात तशी लाइफजॅकेट आधी द्या, ते बरोबर आहे, पण दोरीला बांधून सोडा.
आणखी एक, हे कोणी सांगत नाही. बोटीच्या तळाशी पेट्रोल आणि खारं पाणी मिसळलेलं असतं, मध्ये बसलेल्या बायकांची कातडी त्याने भाजते. वर आल्या आल्या ते कपडे काढायला द्या, गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मगच ब्लँकेट. आडोशाला जागा आधीच करून ठेवा.

नियमावली
कायदा नको म्हणालात तरी दोन ओळी लिहा. सोलास प्रकरण ५, नियम ३४-१: मालक किंवा चार्टरर कॅप्टनचा निर्णय अडवू शकत नाही. आणि माणसं लिबियाकडे सोपवू नका. आस्सो २८ ह्या इटालियन जहाजाच्या कॅप्टनने २०१८ मध्ये तसं केलं, इटलीच्या कोर्टात शिक्षा झाली, २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही कायम ठेवली.

बो_थ्रस्टर
आणि मर्स्क एटिएन हे टँकर? २०२० मध्ये २७ जणांना घेऊन माल्टाबाहेर ३८ दिवस अडकलं. हेही साहेबांना सांगा.

मधला_पहारा
सांगतो. त्यांनी आधीच ठरवलंय, वळायचंच. वीस जणांचं रेशन किती जणांना पुरेल ते कुकला विचारलंय. चीफसाहेब, क्रेनला नेट लावू की स्ट्रेचर? हेलकाव्यात नेट जहाजाच्या बाजूवर आपटेल, ही भीती आहे.

जुना_चीफमेट
नेट मोठ्यांना. पोरांसाठी कडक कडांची टोपली, दोन बाजूंना टॅगलाइन (झोका आवरायची दोरी), दोन्हीवर माणूस. उद्या अंधारात रिकामी टोपली उतरवून बघा आणि किती वेळ लागतो ते इथे लिहा.