नवं आधी दिसावं, की ‘महत्त्वाचं’ आधी?

पंचगंगाकाठ:
माझं मत आधीच सांगून टाकतो. समाजमाध्यमांवरच्या पाण्याच्या, रस्त्याच्या, वीज-पावसाच्या गटांत सगळ्यात नवी पोस्ट सगळ्यात वर दिसलीच पाहिजे, तीही ॲप उघडल्या उघडल्या. सेटिंगमध्ये शिरून हुडकायला लागता कामा नये.

मावशी प्रयाग चिखलीला राहते. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पंचगंगा पात्राबाहेर पडली की पहिली झळ चिखली-आंबेवाडीला. दारात दोन म्हशी. जुलैतली रात्र, साडेदहाला तिचा फोन आला, “पाणी कितीवर आलंय बघ की रं.” आमच्याकडं सगळा हिशेब राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीचा. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. मी भागातला गट उघडला. पहिलीच पोस्ट, 36 फूट 2 इंच, खाली चारशेच्या वर लाइक. म्हटलं, “मावशी, इशाऱ्याला अजून तीन फूट आहेत, निवांत झोप, सकाळी हलवू.”

त्या पोस्टवर नावाखाली राखाडी बारीक अक्षरात ‘1 दि’, म्हणजे एक दिवसापूर्वीची, असं लिहिलेलं होतं. मला ते दिसलंच नाही. रात्री नऊचा आकडा पंधरा-वीस पोस्टी खाली पडला होता, 39 फूट 5 इंच, बारा लाइक. पहाटे चारला मावशीनं आणि शेजाऱ्यानं मांडीभर पाण्यातनं म्हशी बाहेर काढल्या आणि सोनतळीला नेल्या. कुंपणाची तार पाण्याखाली दिसेना, एकीचा मागचा पाय फाटला.

चूक माझी आहेच, मी वेळ बघायला हवी होती. पण ज्या पोस्टला लाइक गोळा करायला अख्खा दिवस मिळालाय, तिच्यापुढं दीड तासापूर्वीचा आकडा कसा टिकणार? लाइक मोजून क्रम लावला की ताजी माहिती हरणारच. वाढत्या पाण्यात कालचा आकडा नुसता जुना नसतो, तो चुकीचा असतो.

रात्रपाळी:
मावशींचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी उलट बाजूची आहे.

मी रुग्णालयात नर्स आहे. बारा तासांची ड्यूटी, फोन लॉकरमध्ये. रात्री नऊला हातात घेते तेव्हा गटांत दीडदोनशे पोस्टी पडलेल्या असतात. नवं आधी लावलं तर मला काय दिसतं? शेवटच्या अर्ध्या तासातली शुभरात्रीची चित्रं, वाढदिवसाचे केक, आणि ज्याला दिवसभर फोनशिवाय काम नाही त्याच्या दहा पोस्टी. दुपारी दोनला कुणीतरी ‘ओ निगेटिव्ह तातडीने हवंय’ असं लिहिलेलं असतं, ते तळाशी. माझा रक्तगट तोच आहे. असं रक्त मी एकदा दिलंय ते केवळ ॲपने सात तासांपूर्वीची पोस्ट वर आणून ठेवली होती म्हणून. नव्या-जुन्याच्या रांगेत मी तिथपर्यंत पोचलेच नसते.

शिवाय वेळेनुसार क्रम म्हणजे स्वच्छ क्रम, असं मानू नका. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांना तीन महिने वेळेच्या क्रमाने पोस्टी दाखवल्या. तो अभ्यास 2023 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. त्या लोकांसमोर राजकीय मजकूर वाढला आणि भरवसा ठेवता येणार नाही अशा ठिकाणचा मजकूरही वाढला. जो जास्त वेळा बोलतो तो वर, इतकाच त्या क्रमाचा न्याय.

जुना सभासद:
दोघंही ‘नवं’ म्हणताय, पण नवी पोस्ट की नवी प्रतिक्रिया? गटांत हे दोन वेगळे क्रम असतात आणि घोळ तिथेच होतो. एकात पोस्ट कधी लिहिली ते बघतात, दुसऱ्यात शेवटची प्रतिक्रिया कधी आली ते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची दोन वर्षांपूर्वीची पोस्ट असते, तिच्याखाली कुणीतरी आज विचारतो, “किती क्युसेक?” झालं, पोस्ट पुन्हा पहिल्या नंबरला. धरणाखालच्या गावांत घबराट.

हा दुसरा क्रम वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. पुरात सातबारा, रेशनकार्ड भिजून गेल्यावर पुढं काय करायचं, असा प्रश्न कुणी विचारून ठेवलेला असतो. वर्षाने एखादा अनुभवी माणूस नीट उत्तर लिहितो. ते वर आलंच पाहिजे, नाहीतर लिहिणाऱ्याचे कष्ट वाया.

गट सांभाळणारा:
असा एक गट मी चालवतो, म्हणून थोडं कडक लिहितो. क्रमावर सगळं खापर फोडू नका.

व्हॉट्सॲपच्या गटात संदेश आला तसा लागतो, कुणी वर-खाली करत नाही. तरी दर पावसाळ्यात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याचा 2019 चा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरतोच ना? त्या वर्षी पुणे-बंगळूरु वाहतूक खरोखर काही दिवस बंद होती, म्हणून लोक पटकन विश्वास ठेवतात. संदेश आजचा, मजकूर जुना. इथे कुठला क्रम वाचवणार?

आमच्याकडे नियम एकच. पहिल्या ओळीत तारीख, वेळ, ठिकाण. ‘आता’, ‘आज’, ‘ताजी बातमी’ हे शब्द असतील तर पोस्ट परत पाठवतो. कारण माणसं स्क्रीनशॉट काढून पुढं ढकलतात, आणि त्यात ॲपने लिहिलेला ‘1 दि’ बहुतेक वेळा कापला जातो. वेळ मजकुरातच असली तर ती कापली जात नाही. पूर आला की पातळीसाठी एकच पोस्ट वर पिन करतो आणि नवा आकडा त्याच पोस्टीत वरच्या ओळीला घालतो. खालचे आकडे ठेवतो, पाणी तासाला किती बोटं चढतंय ते त्यावरून कळतं.

पंचगंगाकाठ:
तारीख-वेळेचा नियम मान्य, हात जोडून मान्य. मावशी आता मला “किती फूट?” विचारतच नाही, “किती वाजताचा आकडा?” असं विचारते.

पण प्रत्येक गटाला तुमच्यासारखा जागा राहणारा माणूस मिळत नाही. म्हणून मूळ मांडणीवर माझा जोर आहे. इन्स्टाग्रामने 2016 मध्ये वेळेचा क्रम काढला आणि मार्च 2022 मध्ये ‘फॉलोइंग’ म्हणून परत दिला. तो कायमचा लावून ठेवायची सोय मात्र दिली नाही. ॲप बंद करून उघडलं की पुन्हा त्यांचाच क्रम. युरोपात मोठ्या कंपन्यांना कायद्याने सांगितलंय की वापरणाऱ्याच्या सवयींचा माग न काढणारा एक तरी पर्याय द्या. ऑक्टोबर 2025 मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने मेटाला, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीला, बजावलं की माणसाने निवडलेला क्रम ॲप पुन्हा उघडल्यावरही तसाच राहायला हवा. मी याहून जास्त काही मागत नाही. मी एकदा सांगितलं की ‘नवं आधी’, तर ते टिकू दे.

रक्ताच्या पोस्टीचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण ‘महत्त्वाचं’ कुणी ठरवलं हे तुम्हाला तरी कळतं का? त्या दिवशी रक्ताची पोस्ट वर आली, माझ्या वेळी शिळा आकडा वर आला. यंत्र तेच.

रात्रपाळी:
निवड टिकली पाहिजे, हे पटलं. आम्हालाही ते हवंच आहे, उलट्या बाजूने.

पण पाण्याच्या गटापुरतं बोला. सगळीकडे ‘नवं आधी’ लावलंत तर दिवसभर फोन हातात असलेल्या माणसांचंच जग उरेल. शेतावर, कारखान्यात, वॉर्डात असणाऱ्याने संध्याकाळी काय वाचायचं? मला ॲप उघडल्यावर एक रेघ हवी आहे, ‘इथपर्यंत तुम्ही वाचलंय’ अशी. तिथून पुढं जुन्याकडून नव्याकडे वाचत येईन. व्हॉट्सॲपमध्ये न वाचलेल्या संदेशांची पट्टी येते ना, तशी.

गट सांभाळणारा:
रेघेची कल्पना चांगली आहे, पण पुराच्या रात्री दोनशे आकडे जुन्याकडून नव्याकडे वाचत बसाल तर पाणी उंबऱ्यात येईल. तिथं शेवटचाच आकडा आधी. बाकीच्या दिवशी तुमची रेघ.