आरोग्य माहिती सेवेचं मोजमाप: फोन किती घेतले, की ऐकणाऱ्याला कळलं किती?

मारवा
सार्वजनिक आरोग्य माहिती सेवांच्या अहवालांत बहुतेकदा तेच तीन आकडे असतात: फोन किती आले, सरासरी किती मिनिटांत संपले, 'समाधानी' किती जण म्हणाले. यावरून सेवा चालू आहे एवढंच कळतं. दिलेली माहिती बरोबर होती का, ताजी होती का, याचा पत्ता लागत नाही. समाधानाचा आकडा मला सर्वांत फसवा वाटतो. आपुलकीने चुकीचं सांगितलं तरी माणूस समाधानानेच फोन ठेवतो.

तान्ह्या बाळाला पालथं निजवा, हा सल्ला अनेक देशांत वर्षानुवर्षं दिला जायचा. जुने अभ्यास एकत्र तपासणारा एक लेख २००५ साली आला. पालथं निजवण्यात अचानक मृत्यूचा धोका आहे हे १९७० च्या सुमारासच ओळखता आलं असतं, असं त्यातून दिसलं. 'उताणं निजवा' ही मोहीम ब्रिटनमध्ये सुरू झाली १९९१ साली, अमेरिकेत १९९४ साली. मधल्या काळात पालकांना विचारलं असतं तर त्यांनी सल्ल्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

म्हणून माझं म्हणणं: प्रत्येक उत्तराला फेरतपासणीची तारीख हवी. आणि बाहेरच्या माणसांनी, ओळख न देता, फोन करून ठरावीक प्रश्न विचारून बघायला हवेत.

काठावरचा
तारखेचं मान्य. ओळख लपवून फोन करायला माझा ठाम विरोध आहे.

मी सहा वर्षं अशा सेवेत फोन घेतले आहेत. एचआयव्हीची चाचणी कधी करावी हे विचारायला फोन करणारा पहिली पाच मिनिटं ताप आणि अशक्तपणाबद्दल बोलतो. त्याचा खरा प्रश्न बाहेर यायला मला वाट पाहावी लागते. हा तपासनीस तर नसेल, अशी शंका एकदा मनात आली की मी वाट पाहत नाही, छापील उत्तर वाचून मोकळा होतो. आमच्याकडे तेच झालं. गुण वाढले आणि लोक मधेच फोन ठेवायला लागले. मोजमापच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही, हा गुडहार्टचा नियम मी रोज अनुभवला आहे.

पानगळ
काठावरचा, तुमचं दुखणं खरं आहे. पण तपासणीच नको, हे त्यावरचं औषध नव्हे.

तपासणीची साधनं आहेत, त्यांच्या मर्यादाही माहीत आहेत. 'डिसर्न' ही प्रश्नावली १९९९ साली आली. उपचारांविषयीच्या लिखित माहितीला १६ प्रश्न लावायचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. स्रोत दिलेत का, धोके सांगितलेत का, हे ती बघते. मजकूर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे का, हे ती बघतच नाही! जिनिव्हाच्या 'हेल्थ ऑन द नेट' संस्थेचं मानचिन्ह अनेक आरोग्य संकेतस्थळांवर असायचं. ती संस्था २०२२ साली बंद झाली. एकदा चिन्ह मिळालं म्हणजे झालं, असं नसतं.

रानवाट
सगळे 'बरोबर की चूक' यातच अडकलेत. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. चूक नव्हतंच ते. धोका दर ७,००० बायकांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. पण ऐकू आलं फक्त 'दुप्पट'. कित्येकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्त गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. बिनचूकपणाच्या कुठल्याही तपासणीत हा इशारा उत्तीर्ण झाला असता.

म्हणून फोन संपताना एकच विचारावं: 'मी सांगितलेलं तुमच्या शब्दांत सांगाल? मी नीट सांगितलं का, ते मला बघायचंय.' उत्तरात गडबड असेल तर पुन्हा सांगावं आणि तशी नोंद करावी.

काठावरचा
हे मला पटतं. यात परीक्षा माझ्या सांगण्याची होते आणि समोरच्याचा फायदा त्याच फोनमध्ये होतो. पण या नोंदी कंत्राटाच्या नूतनीकरणाला जोडल्या तर? उद्यापासून सगळ्यांना सगळं पहिल्याच फटक्यात कळलेलं असेल.

मारवा
ती भीती रास्त आहे. नाजूक विषयांपुरते ओळख लपवून केलेले फोन मी मागे घेतो. तिथे सहकाऱ्यांनीच एकमेकांचे फोन, बोलणाऱ्याची परवानगी घेऊन, ऐकावेत. पण लशीचं वेळापत्रक किंवा औषधाची मात्रा यांत एकच बरोबर उत्तर असतं, तिथे अनोळखी फोन हवेतच. पैसा सार्वजनिक आहे, तेव्हा निकालही जाहीर व्हावेत.

काठावरचा
सेवेचे निकाल जाहीर करा. फोन घेणाऱ्याचं नाव त्यात येणार नसेल तरच माझी हरकत नाही.