मदत हवी आहे: मक्केचे व्यापारी नेमकं विकत काय होते?

नमस्कार मंडळी, इस्लामच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वाचतेय आणि एका जागी अडकलेय. मक्का म्हणजे उजाड दरी. शेती नाही, पाणी झमझमच्या विहिरीचं. तरी मक्केतल्या कुरैश टोळीचे तांडे हिवाळ्यात येमेनला, उन्हाळ्यात शामला, म्हणजे सिरियाकडे जायचे. या दोन प्रवासांचा उल्लेख कुराणातही आहे. मुसलमान आणि कुरैश यांच्यातली ६२४ ची बद्रची लढाई पेटली तीही अशाच एका तांड्यावरून.

पण उंटांवर लादलेलं काय असायचं? जुनं उत्तर धूप आणि मसाले. काही अभ्यासक म्हणतात, छे, कातडी नि कपडे! मला हेच पटतं, शेजारच्या ताइफला कातडी कमावायचा मोठा धंदा होता. मात्र नुसत्या कातड्यांवर अख्खं गाव पोसलं जाईल? की खरी कमाई काबेच्या यात्रेकरूंची आणि उकाझसारख्या बाजारांची, जे लढाईला बंदी असलेल्या महिन्यांत भरत? मराठीत यावर काही वाचनीय आहे का?