मांद्रेचा समुद्र सोडून चेन्नईला जातेय, सर्फिंग करणाऱ्यांनी जरा सांगा

मांद्रेवाली
नमस्कार मंडळी. मी मूळची सावंतवाडीची, नोकरीसाठी गोव्यात आले आणि सर्फिंग शिकले ते मांद्रे-आश्वे पट्ट्यात. आता ऑफिसने चेन्नईला बदली केलीये, जूनच्या मध्यापर्यंत तिथे हजर व्हायचंय. खरं सांगते, घर सोडायचं एवढं वाईट वाटत नाहीये जेवढं या पाण्याचं वाटतंय. पहाटे मतलई वारा असतो तोवर पाणी कसं गुळगुळीत असतं, मग अकराच्या आसपास खारा वारा सुटला की सगळं विस्कटतं, हे आता घड्याळ न बघता कळतं. पावसाळ्यात वाळू इकडची तिकडे होते, मग ऑक्टोबरात लाट नेमकी कुठे फुटतेय ते दरवर्षी नव्याने शोधायचं, ते शोधणं मला फार आवडायचं. रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लावली असेल तर ओढणारे काका लांबूनच हात करून सांगतात की पलीकडे जा. आता हे सगळं माहीत असून चेन्नईत त्याचा काय उपयोग, हेच डोक्यात फिरतंय.

विचारायचं असं की निरोपाचं शेवटचं सर्फिंग कधी करू? मेच्या शेवटी लाटा वाढतात म्हणून तोवर थांबावं असं वाटतंय. आणि बोर्ड नेऊ की इथेच कुणाला देऊ? आठ फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा) आहे. पूर्व किनाऱ्यावर कुणी आहे का?

देवबागकर
ताई, मेच्या शेवटाची वाट बघू नका. लाटा वाढतात हे बरोबर, पण तोवर वाराही समुद्राकडून दिवसभर येतो, पाणी गढूळ होतं आणि ओढ कुठे लागेल सांगता येत नाही. पावसाळ्यात गोव्यात किनाऱ्यावर लाल बावटे लागतात ते उगाच नाहीत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या बाजूला यांत्रिक मासेमारीही बंद, म्हणजे बाहेर मदतीला होडीसुद्धा नसते. निरोप घ्यायचा तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, सकाळी सातच्या आत पाण्यात उतरा, लाट कमरेएवढी असली तरी चालेल. आणि जायच्या आधी एक नारळ द्या समुद्राला. नारळी पौर्णिमेला तुम्ही इथे नसणार, आधी दिलात म्हणून दर्या काही रागवायचा नाही. रांपणवाल्यांनाही भेटून जा, ते आठवण ठेवतात.

कोवळमचा पुणेकर
अगं तू एकदम चांगल्या वेळेला येतेयस! मी चेन्नईत राहतो आणि शनिवार-रविवार कोवळमला असतो (केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला ४० किमीवर आहे ते). एक गोष्ट समजून घे, जो नैऋत्येचा वारा तुमच्याकडे जून ते सप्टेंबर समुद्राची वाट लावतो तोच इकडे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे सकाळी लाटेचं तोंड साफ ठेवतो आणि दक्षिणेकडून स्वेल (लांबवरून येणाऱ्या लाटा) पण येत असतो. त्यामुळे तुमचा बंद सीझन तो आमचा भरात आलेला सीझन. दुपारी मात्र इथेही समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा पहाटे उठायची सवय सोडू नकोस. आमचा खराब काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मान्सून आणि चक्रीवादळं, २०२३ च्या डिसेंबरात मिचाँगने शहर कसं बुडवलं ते टीव्हीवर बघितलंच असशील. मोठा पाऊस झाला की नंतर काही दिवस खाडीच्या तोंडाजवळ पाण्यात उतरायचं नाही, सगळं सांडपाणी तिथे येतं.

पाण्यात सगळ्यात वेगळं काय वाटेल तर किनाऱ्याला समांतर ओढ. या महिन्यांत ती उत्तरेकडे नेते, ईशान्य मान्सूनमध्ये उलटी. म्हणून किनाऱ्यावरचं एखादं घर किंवा टॉवर खूण म्हणून धर आणि दर थोड्या वेळाने तिकडे बघ. कोवळमला पॉइंट ब्रेक आहे, म्हणजे पुढे आलेल्या टोकाला लागून लाट फुटत जाते, लाट उजवीकडे पळते, खाली दगड आहेत. तुला वाळूची सवय, त्यामुळे बोर्डवरून पडताना डोकं झाकून सपाट पडायचं, पाय खाली सोडायचे नाहीत. आधी काही दिवस बाजूच्या वाळूच्या भागात काढ.

आणि माणसांचं म्हणशील तर इथली सर्फिंगची पोरं बहुतेक मच्छीमारांच्या घरातली आहेत, लहानपणापासून लाटेतून होडी काढत आलेली. मूर्ती मेगवन यांनी २०१२ मध्ये इथे सर्फ स्कूल काढलं तेही याच गावचे. त्यांना आधी जाऊ दे, लाट सोडायला शिक, मग बघ कसे हाका मारून बोलावतात. तुझे रांपणवाले काका आणि इथले करवलै (इकडची रांपण) ओढणारे अण्णा यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

न्यूजर्सीची वैशाली
मी कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझहून इकडे आले तेव्हा असंच पोटात तुटलं होतं, म्हणून लिहितेय. तुला जे माहीत आहे ते फुकट जात नाही गं. वारा कधी फिरतो, वाळू कुठे साचते, ओढ कशी ओळखायची हे बघायची नजर तयार झालीये ना, ती नव्या पाण्यावर पण चालते. मला इथे ऑगस्ट-सप्टेंबरात लांबच्या हरिकेनचा स्वेल कळायला लागला तो तिकडच्या सवयीनेच. मांद्रेबद्दल एका वहीत सगळं लिहून काढ, भरती-ओहोटीसकट. बोर्ड मात्र देऊन टाक, ज्या पोराकडे बोर्ड नाही अशाला.

मांद्रेवाली
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना रडले. ठरलं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात उतरणार, नारळ घेऊन. वही आजच सुरू केली. बोर्ड आश्वेच्या एका शॅकवाल्याच्या मुलीला देणार, ती पोहायला पक्की आहे आणि माझा बोर्ड मागून मागून शिकलीये. पुणेकर दादा, तिकडे सुरुवातीला बोर्ड भाड्याने मिळेल ना?

कोवळमचा पुणेकर
मिळेल की, सर्फ स्कूलमध्येच मिळतो. आल्यावर मेसेज टाक, पहिल्या शनिवारी सोबत उतरू. साडेपाचला हं, सूर्य इकडे समुद्रातून वर येतो.