प्रतिसाद: शेवटचा अंक पुढे नेला की संख्या दुप्पट

वर विचारलंय की शेवटचा अंक उचलून सुरुवातीला ठेवला की दुप्पट होते अशी सर्वात लहान संख्या कोणती, आणि १ पासून एकेक संख्या तपासणारा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) रात्रभर का संपला नाही. संपणार नव्हताच! सेकंदाला दहा कोटी संख्या तपासल्या तरी ३३ वर्षं लागतील.

आधी दोन ओळी कागदावर मांडा. शेवटचा अंक ब, उरलेला न-अंकी भाग अ. मग (१०^न म्हणजे १ वर न शून्यं) ब×१०^न + अ = २(१०अ + ब), म्हणजे १९अ = ब(१०^न − २). ब एक अंकी, त्यामुळे १९ ने कंसालाच भाग जायला हवा. आता प्रोग्रॅम चिमुकला: बाकी १ घ्या, दर फेरीत ती १० ने गुणून १९ ने भागा आणि नवी बाकी पुढे न्या, बाकी २ आली की थांबा, कारण तेव्हा १०^न − २ ला १९ ने पूर्ण भाग जातो. सतराव्या फेरीत येते, म्हणजे न=१७. ब=१ धरला तर अ सोळाच अंकी निघतो, म्हणून ब=२. उत्तर १०५२६३१५७८९४७३६८४२.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अ काढताना भागाकाराला दोन तिरप्या रेघा (//) द्या हं. एकच दिली की दशांश संख्या होते आणि शेवटचे अंक गुपचूप बिघडतात. मी त्यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

दुपटीऐवजी तिप्पट करून बघा, १९ च्या जागी २९ येतील.