कन्साइनमेंटला दिलेली बॅग 'नकली' म्हणून परत आली, पण ती माझी नाहीच!

ठाणेकरीण:
मंडळी, कायद्यातलं कळणारं कुणी आहे का इथे? आत्याने अमेरिकेहून आणलेली लुई व्हिटॉनची बॅग एका ऑनलाइन रीसेलवाल्यांकडे कन्साइनमेंटवर दिली होती. विकली गेली की कमिशन कापून पैसे माझे, असा व्यवहार. महिनाभर सामसूम, मग मेल: 'तपासणीत वस्तू अस्सल ठरली नाही, परत पाठवत आहोत.' आलेल्या बॅगेचा पट्टा कडक, कोरा. माझ्या बॅगेचा हात लागून लागून पार तांबूस झाला होता. आतल्या खिशात कोड होता एसडी४१८२, फोटो आहे माझ्याकडे. हिच्यात एसडी२१५३! फोन केला की एकच पालुपद, 'आमच्या एक्स्पर्टचा निर्णय अंतिम.' नवरा म्हणतो, दुसरीकडे विकून मोकळी हो.

चामडं_आणि_चेन:
तो सिरीयल नंबर नव्हे गं, बॅग कधी बनली त्याचा कोड. पहिला आणि तिसरा आकडा आठवड्याचा, दुसरा-चौथा वर्षाचा. म्हणजे तुझी २०१२ च्या ४८व्या आठवड्यातली, ही २०१३ च्या २५व्या. कोड बरोबर आहे म्हणून बॅग अस्सल ठरत नाही, नकलीवाले कोडही छापतात. पण तुझा कोड बदलला म्हणजे बॅग बदलली, त्यात वाद नाही.

काळा_कोट:
ताई, अस्सल की नकली या वादात शिरूच नका, त्यांना तेच हवंय. कन्साइनमेंटमध्ये ताबा त्यांचा, मालकी तुमची. करार कायदा, १८७२ मध्ये याला निक्षेप म्हणतात: वस्तू नीट सांभाळायची आणि काम संपलं की तीच परत करायची (कलम १५१, १६०). एक्स्पर्ट काहीही म्हणो, तुमची बॅग कुठे आहे एवढंच विचारा, आणि लेखी विचारा. कस्टमर केअरला नको, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्यातच तक्रार करता येते.

आणि यजमानांना आवरा! नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ खाली गुन्हा आहे: ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. 'मला काय माहीत' म्हणून सुटायला थोडी वाट आहे त्यात, पण तुमच्या इनबॉक्समध्ये तो मेल पडलाय ना!

चामडं_आणि_चेन:
ते 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणून हात झटकतील बघ.

काळा_कोट:
झटकू देत. लुबुतां (बुटांचा महागडा ब्रँड) विरुद्ध नकुल बजाज (ऑनलाइन विक्रीची साइट चालवणारा) खटल्यात (२०१८) दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलंय की विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या साइटला आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण, म्हणजे मध्यस्थाला जबाबदारीतून मिळणारी सूट, आपोआप मिळत नाही. तो ट्रेडमार्कचा वाद होता, तुमचा वेगळा. पण इथे तर बॅग त्यांच्याच गोदामात होती, तपासली त्यांनीच. ताई, कुरिअरच्या दोन्ही पावत्यांवरचं वजन बघा. आलेला खोका, टेप, लेबल, काही टाकू नका.

ठाणेकरीण:
अगंबाई, खोका रद्दीवाल्यासाठी दाराबाहेर ठेवलाय. थांबा, आत घेते आधी.